पलंगावरून उतरताना

भद्रावतीहून वरोरा वीसेक किलोमीटर. बँकेच्या नोकरीत त्या रस्त्यानं किती खेपा झाल्या, हिशेब नाही. वरोऱ्याला आनंदवन आणि आनंदवनात बाबा आमटे. मणक्यांच्या दुखण्यानं बाबांचं बसणंच बंद करून टाकलं होतं. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं; मधली सोय नाही. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान निघालं, तेव्हा तरुण मुलंमुली सायकलींवर होती आणि सत्तरी गाठलेले बाबा गाडीत बिछान्यावर. पण तो बिछाना त्यांचं घर झाला नाही. पाठीचा कणा साथ देत नसताना ते पुढंही उभे राहत होते, चालत होते.

याचं मोल मला कळलं ते कंबरेच्या दुखण्यापायी पाच आठवडे पलंगावर काढल्यावर. दुखणं गेलं, सौ.नं हात दिला, उभा राहिलो, आणि फरशी बैलगाडीसारखी हलू लागली. पाय जमिनीवर आहेत हे पाहून खात्री करावी लागे. ‘अशक्तपणा आहे, पडून राहा,’ असं जो तो सांगे. अशक्तपणा हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द. त्याच्यापुढं कुणी प्रश्न विचारत नाही.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पायांचे तळवे, स्नायू, सांधे. आम्ही संध्याकाळी रोकड आणि वह्यांचा मेळ घालत असू, तसा मेंदू या तिघांचा मेळ क्षणोक्षणी घालतो. माणूस आडवा असला तरी कानाला गुरुत्वाकर्षण कळतच असतं. तळव्यांवर मात्र भार नसतो. त्या खात्यात आठवडेच्या आठवडे नोंदच पडत नाही, आणि मेंदू त्याच्यावर विसंबणं कमी करतो. उभं राहिल्यावर घोट्यांना वेळेवर हुकूम सुटत नाहीत. त्यात पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू वाळलेले असतात.

दुसरा घोटाळा रक्ताचा. आडवं असताना पायांतलं रक्त छातीकडं सरकतं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. मग एके दिवशी एकदम उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. मानेतल्या रक्तवाहिनीजवळचे मज्जातंतू एरवी अशा वेळी ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. ते काम आता ढिलं पडलेलं. डोळ्यांपुढं अंधारी येते ती त्यामुळं.

अमेरिकेत डलास इथं १९६६ मध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या शरीराच्या श्रमशक्तीचं जितकं नुकसान केलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! विशीतल्या पोरांची ही गत, तर सत्तरीच्या माणसाचं काय होत असेल?

आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलं गुणाची. पाणी हातात, जेवण हातात, पलंगाखाली भांडं. हाड जुळलं, काकू मात्र अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊ शकेनात. ‘आईला त्रास नको’ एवढीच त्या घराची इच्छा होती. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसावरची माया पलंगापाशी येऊन थांबते, आणि शेजारीपाजारी त्या मायेचं कौतुकही करतात. मोडलेल्या मणक्याला विश्रांती हवीच. पण गोळी किती दिवस घ्यायची ते आपण डॉक्टरांना विचारतो, तसं पडून किती दिवस राहायचं हेही विचारायला काय हरकत आहे?

काकूंकडं आता व्यायाम शिकवणारी एक मुलगी येते. पहिले दिवस तिनं नुसतं पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडून. अंधारी गेली की मगच उभं करायचं, कुणीतरी धरून. चपला काढायला लावल्या. तळव्यांना फरशी लागू दे म्हणाली. चक्कर आली की पुन्हा बसायचं. परवा काकू भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. सुनेनं खुर्ची पुढं केली, तर म्हणाल्या, ‘थांब गं जरा, उभी राहू दे.’