खिमा-कोबी: खमंगपणाचे रसायन

अमेरिकेतल्या घरांत गोमांसाचा खिमा आणि कोबी चिनी धर्तीवर एकाच कढईत झटपट परततात. खिमा आधी. त्यातली अमिनो आम्ले व शर्करा साधारण 140 अंश सेल्सिअसपुढे वेगाने संयोग पावतात आणि खमंगपणा येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये वर्णिलेली ही अभिक्रिया. पाणी साचले की तापमान 100 अंशांपाशी अडकते आणि खिमा राखाडी, मिळमिळीत होतो. म्हणून कढई आधी चांगली तापवावी, खिमा पसरून थोडा वेळ अजिबात हलवू नये. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे तो 71 अंशांपर्यंत शिजायलाच हवा. कोबीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. म्हणून तो मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटेच परतावा. फार शिजला तर गंधकयुक्त संयुगांचा उग्र वास सुटतो. शेवटी सोया सॉस. तिळाचे सुवासिक तेल मात्र आच बंद केल्यावरच घालावे.