मुलींचे मैदान

निपाणी आणि इचलकरंजी यांच्या दरम्यान असलेले बोरगाव कर्नाटकाच्या हद्दीत मोडते. पण तेथील मराठी माणसाचे मन कोल्हापूरच्या लाल मातीत रमलेले. या पंचक्रोशीत खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी आणि खो-खो. अशा गावातील शाळेचे मैदान ओस पडले तर काय हरवते, याचा हिशेब कोरोनाच्या महासाथीनंतरही आपल्याकडे फारसा मांडला गेला नाही. तो मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण घाटाखालच्या आमच्या किनाऱ्यावरील शाळांची कथा याहून निराळी नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, हे योग्यच झाले. रोग नवा होता. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेने किती घरे उजाड केली, हे कोणी विसरलेले नाही. त्या काळात चाचणीचा दाखला दाखविल्यावाचून कोगनोळीचा नाका ओलांडणे कठीण होते. तेथे शाळाशाळांचे सामने कसे भरावेत? मुलांच्या जिवापुढे खो-खोचा डाव मोठा नव्हे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो.

परंतु या बंदीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मुलग्यांना नदी होती, शेत होते, गल्ली होती. मोठ्यांची नजर चुकवून का होईना, ते धावले, पोहले. मुलीला यांतले काहीच नव्हते. नववी-दहावीतल्या मुलीने भर गल्लीत कबड्डी खेळावी, हे आपला समाज अद्याप सहज मानीत नाही. ती खेळते, कारण शाळा तिला खेळविते. शाळेचे फाटक बंद झाले आणि तिचे एकमेव मैदान मिटले. उरले ते घरकाम, भावंडांचा सांभाळ आणि काही घरांत तर लग्नाची बोलणी. मैदानात आज कोण आली नाही, याची चौकशी करणाऱ्या बाईंची नजरही तिच्यावरून हटली.

कर्नाटकात माध्यमिक शाळेची वर्षे तीनच, आठवी ते दहावी. 'खेलो इंडिया' युवा स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटीस झाल्या. त्यानंतरच्या पंचकुला येथे जून २०२२ मध्ये भरल्या. एवढ्या अवधीत एका मुलीचे शालेय खेळाडूपण संपून जाते. याच काळात, २०२० च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत, आयपीएलचे सामने अरब अमिरातीत यथासांग पार पडले. क्रिकेटशी आमचे वैर नाही. परंतु जेथे पैसा होता तेथे वाट सापडली, हे नजरेआड कसे करावे?

बंद खोलीपेक्षा उघड्या हवेत संसर्गाचा धोका कमी, हे तोवर कळून चुकले होते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते. तरीही ऑगस्ट २०२१ पासून नववी-दहावीचे वर्ग उघडू लागले, तेव्हा खोल्या आधी उघडल्या आणि खेळाचा तास मागे राहिला. सुरक्षित ते शेवटी, धोक्याचे ते आधी, असा हा उलटा न्याय होता.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी जिंकला. संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राची. तिचे कौतुक आपण सर्वांनी केले. आता त्या कौतुकाला जागले पाहिजे. साथी पुन्हा येतील. तेव्हा शाळा उघडताना प्रथम मैदान उघडावे, लहान गटांनी खेळवावे आणि मुलींचा तास राखून ठेवावा. क्रीडाशिक्षकाची जागा कोणत्याही माध्यमिक शाळेत रिकामी राहू देऊ नये. दहावीच्या अभ्यासाच्या नावाखाली खेळाचा तास गणिताला देण्याची प्रथा तर पालकांनीच मोडून काढावी. बोरगावच्या मुलीला धावण्यासाठी दुसरी जागा नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.