पाहुणे, पॅलेस आणि रांग

दिवाळीची नाही तर मेची सुट्टी तोंडावर आली की मिरजेहून भाच्याचा फोन ठरलेला. ‘मावशी, आम्ही सगळे येतोय. पॅलेस बघायचाय.’ मी आधी विचारते, कुठला? बंगळुरात मुक्काम ठेवून तीन राजवाडे बघता येतात आणि तिन्हींच्या रांगांची जात वेगळी. वसंतनगरचा बंगलोर पॅलेस म्हैसूरच्या राजघराण्याचा. के. आर. मार्केटजवळचा टिपूचा उन्हाळी महाल पुरातत्त्व खात्याचा. आणि पाहुण्यांच्या डोक्यात असतो तो बहुतेक वेळा म्हैसूरचा, म्हणजे इथून जवळजवळ दीडशे किलोमीटरवरचा!

राणी चन्नम्मा एक्सप्रेस मंडळींना सकाळी आणून सोडते. आंघोळी, नाश्ता आणि ‘कोण आधी जाणार’ यात अकरा कसे वाजतात कळत नाही. म्हणून आल्या दिवशी बंगलोर पॅलेस मी साफ नाकारते. तो दहाला उघडतो आणि तिथे उघडतानाच हजर असावं, तेही शनिवार-रविवार सोडून. बारानंतर बसगाड्या यायला लागल्या की तिकिटाची रांग वेगळी, ऑडिओ गाइड घेण्याची वेगळी, आणि आत गेल्यावर जिन्यातली तिसरी. खरी नडते ती तिसरी. जिन्याच्या भिंतींवर चित्रं आहेत, वर दरबार हॉल आहे. चढणारे चित्रांपाशी थबकतात आणि मागचे त्यांच्या पाठीवर येतात. त्यात कानाला लावलेला गाइड सगळ्यांना एकाच जागी थांबवतो. मी मुलांना सांगते, गर्दी असेल तिथली गोष्ट दोन पावलं पुढे जाऊन ऐका, चित्र मागे वळून बघा.

तिकीट स्वस्त नाही. माणशी २०० रुपयांच्या वर, परदेशी पाहुण्याला साधारण दुप्पट, फोटोचे पैसे आणखी वेगळे. सात जणांच्या कुटुंबात सातही फोनचे पैसे भरणारे लोक मी पाहिलेत. एकाने भरावेत, बाकीच्यांनी डोळ्यांनी बघावं. वास्तू खासगी असल्याने पुरातत्त्व खात्याची सवलत इथे चालत नाही, हे काउंटरवर वाद घालण्याआधी माहीत असलेलं बरं.

पैसे वसूल होतात का? माझ्या मते दरबार हॉलमध्ये होतात. पिवळ्या रंगाचा तो दिवाणखाना, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि एका टोकाला आडोसा. त्या आडोशामागे बसून राजघराण्यातल्या बायका खालमानेने नव्हे, चांगल्या कान टवकारून दरबाराचं कामकाज ऐकत असणार, असं मला उगीचच वाटतं. माझ्या वहिनी तिथे नेहमी जास्त रेंगाळतात. खालच्या उघड्या चौकात निळ्या चिनी मातीच्या फरशांची बैठक आहे, ती मुलांना आवडते. हत्तीचं भुसा भरलेलं मुंडकं मात्र लहानांना रडवतं.

हा वाडा मुळात राजाने बांधलेला नाही. सेंट्रल हायस्कूलचे पहिले मुख्याध्यापक रेव्हरंड गॅरेट यांची ही जागा. १८७३ मध्ये ती अल्पवयीन चामराजेंद्र वडियारांसाठी ४०,००० रुपयांना घेतली गेली. पुढे बुरूज चढले, सजावट झाली. भोवतालच्या मैदानात लग्नं, प्रदर्शनं, गाण्यांचे मोठे जलसे होतात. तेव्हा तारीख ठरवताना त्या संध्याकाळी मैदानावर काय आहे तेही बघा. नाही तर रांग राजवाड्यात नव्हे, बाहेर मेख्री सर्कलच्या रस्त्यावर लागते.

आल्या दिवसासाठी टिपूचा महाल. हैदरअलीने १७८१ मध्ये सुरू केलेला, टिपूने १७९१ मध्ये पुरा केलेला, बहुतेक सागवानी. ग्रीन लाइन मेट्रोने के. आर. मार्केटला उतरायचं, बाजारातून वाट काढायची आणि फुलांच्या ढिगांपाशी वहिनींना आवरायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांचं ऑनलाइन काढलं तर रोखीपेक्षा थोडं स्वस्त पडतं. पण ते घरूनच काढावं. फाटकाशी क्यूआर कोडसमोर फोन उंचावून नेटवर्क शोधणाऱ्यांचा घोळका हीच तिथली रांग. आत फार वस्तू नाहीत. खांब बघायचे, त्यांना जोडणाऱ्या महिरपी बघायच्या, आणि छताच्या कोपऱ्यांत उरलेली रंगीत फुलं शोधायची. टिपूनंतर इथे इंग्रजांची कचेरी होती. १८६८ मध्ये ती अठरा कचेरीच्या लाल इमारतीत गेली.

इथून पुढचं स्टेशन चिकपेट. मिरजेची माणसं विचारतातच, शहाजीराजे कुठे राहायचे? विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ मध्ये बंगळूर घेतलं, ते शहाजीराजांकडे आलं, आणि लहानपणी शिवाजीराजेही इथे येऊन राहिले. शहाजीराजांचा वाडा याच जुन्या पेठेत होता असं सांगतात. त्यातलं आज काही उभं नाही. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना देऊन टाकलं. आपल्या वाड्याला ना तिकीट, ना रांग.

म्हैसूर हा पूर्ण दिवसाचा बेत. तिथला अंबाविलास महाल हेन्री अर्विनने आखला, १८९७ च्या आगीनंतर बांधायला घेतला, १९१२ मध्ये पुरा झाला. रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी जवळजवळ लाखभर दिवे लागतात, त्यामुळे सगळं जग रविवारी जातं. मी म्हणते, दिवे हवे असतील तर रविवारीच जा, पण आतला महाल सकाळी उरकून घ्या, दुपार चामुंडी टेकडीला द्या आणि सातच्या आत परत या. चपला बाहेर ठेवाव्या लागतात. सगळ्यांच्या एकाच पिशवीत भरून एकाने टोकन घेतलं की परतताना शोधाशोध होत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली असतात. गणवेशातली दोनशे मुलं पुढे दिसली तर घाई करू नका, त्यांना गोंबे तोट्टीतून, म्हणजे बाहुल्यांच्या दालनातून, पुढे जाऊ द्या, पाठीमागे आपोआप मोकळं होतं.

दसऱ्याची गोष्ट वेगळी. त्या दिवसांत रत्नजडित सिंहासन मांडतात, पण राजघराण्याचे विधी असतात तेव्हा महाल पर्यटकांना बंद असतो, आणि जंबू सवारीची, म्हणजे अंबारीच्या हत्तीच्या मिरवणुकीची, गोल्ड कार्डं (प्रवेशिका) विक्रीला आली की बघताबघता संपतात. ज्याला कार्ड मिळालं त्याने जावं. बाकीच्यांना मी आमच्याच घरी टीव्हीसमोर बसवते. अंबारी तिथूनच जास्त नीट दिसते, आणि चहा हातात येतो.