चौकटीतले भरतकाम : अरेरा कॉलनीतील मराठी घरांच्या निमित्ताने

काचेच्या चौकटीत मढवून भिंतीवर लावलेले भरतकाम मराठी मध्यमवर्गीय घरांच्या परिचयाचे असले, तरी कलेच्या इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते. कुंची, दुपटे किंवा उशीचा अभ्रा यांवरील भरतकाम वापराने झिजते आणि धुण्याने विटते. तसबिरीसाठी केलेले काम मात्र केवळ पाहण्यासाठी असल्याने दीर्घकाळ टिकते आणि ते करणाऱ्या स्त्रीच्या शिक्षणाचा, फुरसतीचा व आवडीनिवडीचा पुरावा ठरते.

या कामाचे दोन प्रकार मुख्य होत. जाळीदार कॅनव्हासवर तिरप्या अर्ध्या टाक्यांनी लोकर भरून सगळे कापड झाकणे म्हणजे नीडलपॉइंट. आणि मॅटीच्या, म्हणजे समान अंतरावर छिद्रे राहतील अशा विणीच्या सुती कापडावर फुलीचे टाके घालून उरलेले कापड मोकळे ठेवणे म्हणजे क्रॉस स्टिच. दोन्हींत घरे मोजावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या प्रकाशकांनी चौकडीच्या कागदावरील रंगीत नमुने विक्रीस आणले, तेव्हा चित्रकलेचे शिक्षण नसलेल्यांनाही सुईने चित्र भरणे शक्य झाले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी कृत्रिम रंग तयार केल्यानंतर धाग्यांच्या छटाही वाढत गेल्या.

महाराष्ट्रात हे कौशल्य रुजण्यात मुलींच्या शिक्षणाचा वाटा मोठा आहे. पुण्यात १८८४ मध्ये सुरू झालेल्या हुजूरपागेत सुईकाम अभ्यासक्रमाचा भाग होते, तर रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने शिवण-भरतकामाकडे स्वावलंबनाचे साधन म्हणून पाहिले. याच काळात, १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत निघाल्यावर देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली, आणि त्यांतील वस्त्रांवर जर, टिकल्या व मणी लावून ती मढवण्याची प्रथा पडली; छापील चित्र आणि सुईकाम यांची सांगड भिंतीवर अशी बसली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा जुनी राजधानी नागपूर, तसेच ग्वाल्हेर आणि इंदूर येथून अनेक मराठी कर्मचाऱ्यांची कुटुंबे तेथे आली. पुढील दशकांत वसत गेलेल्या अरेरा कॉलनीतही मराठी वस्ती झाली. या शहराला भरतकाम नवे नव्हते. १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केलेल्या भोपाळात धातूच्या तारेची जरदोजी आणि तिने सजवलेले बटुवे प्रसिद्ध होते. परंतु जरदोजी हा कारागिरांचा व्यवसाय होता, तर मॅटीवरचे चित्र घरच्या स्त्रीने घरच्या भिंतीसाठी केलेले असे. म्हणूनच भोपाळच्या एखाद्या मराठी घरात अशी जुनी तसबीर असेल, तर ती नागपूर-ग्वाल्हेरहून सामानाबरोबर आली की येथेच भरली गेली, हा प्रश्न कुटुंबाच्या स्थलांतराचा इतिहास उलगडू शकतो.

अशा कामाची पारख दोन्ही बाजूंनी करावी लागते. समोरून पाहताना प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला आहे का, हे पाहावे, कारण दिशा बदलली की प्रकाश वेगळा परावर्तित होऊन पृष्ठभाग डागाळल्यासारखा दिसतो. मागची बाजू अधिक बोलकी असते: गाठी न मारता धाग्याची टोके टाक्यांखाली दडवलेली असतील तर हात सरावलेला होता असे समजावे, आणि उजेडाने न विटलेले मूळ रंगही तेथेच आढळतात.

जतनाची पथ्ये सोपी आहेत. कापड काचेला चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची कड असावी; मागे प्लायवूड थेट न लावता आम्लमुक्त पुठ्ठा घालावा; तसबीर उन्हाच्या आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. संग्रहालये नाजूक वस्त्रांसाठी सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात, यावरून उजेडाने होणाऱ्या हानीची कल्पना येते. परंतु धागा टिकवला आणि नाव हरवले, तर अर्धेच जतन झाले. चौकट उघडण्याची वेळ येईल तेव्हा करणारीचे नाव, गाव आणि वर्ष टिकाऊ कागदावर लिहून मागे जोडावे. ज्येष्ठ पिढी ही माहिती सांगू शकते तोवर ती विचारून घेणे, हे या कलेच्या अभ्यासातील सर्वांत निकडीचे काम आहे.