लोट्याला विचारलेले प्रश्न

डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याची ‘संशोधन’ या शब्दाशी खरी गाठ पडते ती बहुधा प्रबंधाच्या वेळी. तोवर त्याचा हात कागदावर, मातीत, लाकडात आणि संगणकावर रुळलेला असतो. सलग चार पाने लिहायची म्हटली की तोच हात अडखळतो. लेखन हे आपल्या कामाबाहेरचे ओझे आहे, अशी त्याची समजूत होते. आपल्याकडच्या डिझाइन शिक्षणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर दांपत्य देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक छोटेखानी अहवाल सादर केला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली ती या अहवालाच्या पायावर. त्यातला सर्वांत गाजलेला भाग लोट्याविषयी, म्हणजे आपल्या तांब्याविषयी आहे. लोट्याची वाखाणणी करून ते थांबले नाहीत. त्यांनी प्रश्नांची यादीच मांडली. किती पाणी मावावे? उचलणारे हात केवढे? नेताना तो डोक्यावर, कमरेवर की हातात? भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो? ओतताना धार कशी पडते? आतून घासता येतो का? किंमत काय, आणि मोडीत काढल्यावर काय मिळते?

संशोधनाचा पहिला धडा इथेच आहे. ‘लोट्याचे सांस्कृतिक महत्त्व’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ज्याचे उत्तर पाहून, मोजून किंवा विचारून मिळवता येते आणि जे उत्तर चुकीचेही ठरू शकते, तो प्रश्न. विषयाकडून प्रश्नाकडे येणे हेच प्रबंधातले निम्मे काम.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली या क्षेत्रातील संशोधनाचे तीन प्रकार सांगितले : कलेविषयी आणि डिझाइनविषयी केलेले, ते करता करता घडणारे आणि त्यासाठी केलेले. तिसऱ्या प्रकारात विचार वस्तूतच मुरलेला असतो. तो शब्दांत सांगणे हे मुख्य उद्दिष्ट नसते. डिझाइनच्या विद्यार्थ्याची सवय नेमकी ही असते. वस्तू बोलेल, आपण कशाला बोलायचे? पण वस्तू आपली कारणे सांगत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे उदाहरण घेऊ. तिथल्या तांब्याच्या भांड्यांवर एकसारख्या ठोक्यांची नक्षी दिसते. त्याला मठारकाम म्हणतात. एखादा विद्यार्थी फोटो काढून खाली लिहील : ‘शोभेसाठी केलेले पोत’. मात्र तापवल्याने मऊ पडलेला तांब्याचा पत्रा ठोकल्याने पुन्हा कडक होतो. शोभा आणि मजबुती एकाच ठोक्यातून येतात. ‘ठोके दिसतात’ हे निरीक्षण होते, ‘शोभेसाठी’ हा अंदाज. दोन्ही एकाच वाक्यात शिरले आणि अंदाज पुरावा होऊन बसला.

त्यावर साधा उपाय आहे. टिपणवहीच्या पानाचे तीन रकाने करावेत : पाहिले, ऐकले, वाटले. पाहिलेल्याला जागा, दिवस आणि माप हवे. ऐकलेल्याला सांगणाऱ्याचे नाव हवे, ते छापायला त्याची परवानगी हवी, आणि त्याचाच शब्दही हवा. मठारकामाचे ‘हॅमर्ड फिनिश’ केले की तो दिसण्याचा एक प्रकार उरतो. मठारणे ही क्रिया आणि ती करणारा माणूस दोघेही वाक्यातून निघून जातात. वाटलेले मात्र आपल्या जबाबदारीवर, ‘असे दिसते की’ म्हणून लिहावे. लिहायला बसल्यावर एका परिच्छेदात एकच म्हणणे मांडावे, त्यामागे कोणत्या रकान्याचा आधार आहे हे स्वतःला विचारावे आणि चित्राखालची ओळ मजकुराइतक्याच काळजीने लिहावी. छापण्याआधी मजकूर कारागिराला वाचून दाखवावा. तिथे सुधारलेली एक ओळ पुष्कळदा दहा पुस्तकांच्या वाचनापेक्षा मोलाची ठरते.

ही शिस्त केवळ गुणांसाठी नाही. कारागिराचे ज्ञान बहुतांशी हातात असते. ते पहिल्यांदा कागदावर येते ते कित्येकदा अशा एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात, आणि पुढचे अभ्यासक त्यालाच पुरावा मानतात. तिथे चुकीचे लिहिले गेले तर ते तसेच पुढे जाते. नाव गाळले तर ज्ञान राहते आणि ज्याचे ते होते तो माणूस मात्र नोंदीतून नाहीसा होतो.