सादरीकरण कला
सादरीकरण कला : कलावंताची देहकृती, तिला लागणारा काळ, जागा आणि प्रेक्षकांशी येणारा प्रत्यक्ष संबंध हेच ज्याचे माध्यम असते, असा दृश्यकलेचा एक प्रकार. ‘परफॉर्मन्स आर्ट’ ही संज्ञा १९७० च्या सुमारास रूढ झाली. तथापि तिची पूर्वपीठिका भविष्यवादी व दादावादी कलावंतांच्या कार्यक्रमांत आढळते. नाटकातील नटाची जखम लटकी असते. येथे कलावंत कोणतीही भूमिका न घेता उभा राहतो व त्याला होणारी इजा खरी असू शकते. परक्यांसमोर स्वतःला असे असंरक्षित ठेवणे, हे या कलेतील एका महत्त्वाच्या प्रवाहाचे सूत्र होय.

जपानी कलावती योको ओनो (१९३३–  ) हिने १९६४ मध्ये क्योटो येथे ‘कट पीस’ ही कृती सादर केली. ती रंगमंचावर स्तब्ध बसली; प्रेक्षकांनी एकेकाने येऊन कात्रीने तिच्या वस्त्राचा तुकडा कापून न्यावयाचा होता. ऑस्ट्रियन कलावती व्हाली एक्स्पोर्ट हिने १९६८ मध्ये म्यूनिकच्या रस्त्यावर, उघड्या छातीवर पडदा लावलेली पेटी बांधून, वाटसरूंना आत हात घालण्याचे आवाहन केले. चित्रपटगृहाच्या अंधारात स्त्रीदेह न्याहाळणाऱ्यास येथे भर रस्त्यात तिच्या नजरेला नजर द्यावी लागे.

मारीना आब्रामोव्हिच (१९४६–  ) या सर्बियन कलावतीची ‘ऱ्हिदम ०’ (नेपल्स, १९७४) ही कृती विशेष गाजली. गुलाब, पीस, मध, कात्री, पिस्तूल व एक गोळी यांसह ७२ वस्तू तिने मेजावर मांडल्या. सहा तास प्रेक्षकांनी त्या आपल्यावर हव्या तशा वापराव्यात, जबाबदारी आपली, असे तिने लेखी जाहीर केले. आरंभी प्रेक्षक संकोचले. पुढे तिचे कपडे कापले गेले, त्वचेवर जखमा झाल्या व भरलेले पिस्तूल तिच्यावर रोखले गेले. तेव्हा प्रेक्षकांपैकीच काहींनी तिचा बचाव केला. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती ७०० हून अधिक तास निःशब्द बसली. समोरच्या खुर्चीवर येणाऱ्याशी केवळ दृष्टिभेट होई. तरीही अनेकांना अश्रू आवरले नाहीत.

भारतात रुम्माना हुसेन (१९५२–९९) हिने मुंबईत ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ (१९९५) ही कृती सादर केली. १९९२-९३ च्या दंगलींची पार्श्वभूमी असलेल्या या कृतीत ती मूक आक्रोशासारखे तोंड उघडे ठेवून, हाती चिरलेली पपई घेऊन चालत राहिली.

वेदनेचे प्रदर्शन मांडून प्रेक्षकांतील क्रौर्यास वाव देणे कितपत नैतिक, असा आक्षेप या कलेवर घेतला जातो. मात्र कलावतीने जबाबदारी पत्करली, म्हणून प्रेक्षक तीतून मुक्त होत नाही. त्याचे नुसते पाहत राहणे हीदेखील येथे एक कृतीच ठरते.