घरची किटली परदेशात चालेल का?

नोकरीसाठी अमेरिकेला निघालेल्या माणसाने घरची विजेची किटली सोबत नेली, तर ती तिथे चालेल काय? तिथल्या सॉकेटची भोके निराळी असतात. पण त्यासाठी अडॅप्टर मिळतो. खरी अडचण पुढेच आहे.

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची व ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ. किटलीतील तारेचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे दाब निम्मा झाला, की प्रवाहही निम्मा होतो. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून ती निम्मी नव्हे, पावपट होते! १००० वॅटची किटली तिथे सुमारे २७० वॅटच शक्ती घेईल आणि पाणी उकळायला जवळजवळ चौपट वेळ लावील. उलट, तिथली १२० व्होल्टची इस्त्री आपल्याकडे लावली, तर शक्ती साडेतीनपटीहून अधिक होऊन ती जळेल.

ट्रान्सफॉर्मरने दाब बदलता येतो. त्याची क्षमता मात्र उपकरणाच्या वॅटहून जास्त हवी. वारंवारता त्याने बदलत नाही. घरातील विजेच्या वारंवारतेवर चालणारे आपले घड्याळ अमेरिकेत तासाला १२ मिनिटे पुढे जाईल.

मोबाइलचे बहुतेक चार्जर मात्र दोन्हीकडे चालतात. येणारी वीज ते आधी एकदिश करतात आणि मग हव्या त्या दाबाला आणतात. त्यांवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते.

आपल्या घरातील उपकरणांवरचे आकडे आज वाचून पाहा. यांपैकी कोणती परदेशी नेता येतील?